थंडीत पाच आठवड्यांची पिल्लं बाहेरच्या खुराड्यात हलवावीत का?

(प्रश्न असा होता: धुळ्याजवळ राहतो, गावरान 25 पिल्लं आहेत, रात्री पारा 8-9 वर उतरतोय. बाहेर टाकू का, आणि खुराडं मेणकापडाने झाकू का?)

झाकू नका. निदान तुमच्या डोक्यात आहे तसं तर नाहीच.

यावरूनच आमच्या काकांशी माझा वाद अजून मिटलेला नाही. जानेवारीत 40 पिल्लांच्या खुराड्याला त्यांनी चारही बाजूंनी मेणकापड लावलं, छपरापासून जमिनीपर्यंत, कडेला विटा दाबून. पहाटे पाचला कापड आतून ओलंचिंब, थेंब ओघळून तुसात. तूस मुठीत दाबलं की लाडू वळत होता. गुडघे टेकून पिल्लांच्या उंचीला तोंड नेलं तर डोळे चुरचुरले, तो अमोनिया. चौथ्या दिवशी शिंका, मग घशात घरघर, पुढच्या आठवड्यात लाल हगवण. काका अजून म्हणतात, हिव बाधलं. हिव नाही, ओल बाधली! पिल्लं श्वासातून आणि विष्ठेतून रात्रभर पाणी सोडतात, ते जाणार कुठून?

वारा अंगावर नको, हवा डोक्यावरून जायला हवी. उत्तरेला आणि पूर्वेला खालचे दोन फूट पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळक्या काड्यांचा) कूड घाला, बाकी बारदान. बारदान खाली पक्कं बांधायचं आणि वरून सोडता येईल असं ठेवायचं. छपराखालची वीतभर जाळी रात्रीसुद्धा उघडी. सकाळी ऊन आलं की बारदान खाली. आपल्याकडे दुपारी 28-30 होतं, विसरलात तर तीच पिल्लं धापा टाकतील. खाली तीन-चार इंच तूस किंवा भुईमुगाची टरफलं, रोज खालवर करायची. पाण्याचं भांडं विटेवर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला, म्हणजे सांडत नाही.

आता कधी हलवायची ते. आठवडे मोजू नका, पंख उचलून बघा. खाली अजून लव असेल तर थांबा. पहिल्या आठवड्यात बल्बखाली 35 अंश, पुढे दर आठवड्याला साधारण 3 कमी, या हिशोबाने पाचव्यात 23 येतात. तिथून एकदम 8 वर टाकणं हा मूर्खपणा. आधी चार-पाच दिवस दिवसा बल्ब बंद, मग दोन-तीन रात्री ओसरीत बल्बशिवाय, मग बाहेर. हलवायची सकाळी, म्हणजे अंधार पडेपर्यंत जागा ओळखीची होते. जुन्या तुसाचं एक घमेलं सोबत टाका.

थंडी जेवढी मारत नाही तेवढा ढीग मारतो. गारठली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणून कोपऱ्यात पुठ्ठा वाकवून गोलाई द्या. पहिल्या तीन रात्री 60 वॅटचा बल्ब एकाच टोकाला, दीड फूट उंच, तारेने पक्का. दुसरं टोक गार राहू दे. वीज जातेच, तर कोरड्या कडब्याने निम्मं भरलेलं आडवं खोकं आत ठेवा. संध्याकाळी मूठ-दोन मुठी भरडलेला मका द्या, रात्रभर पोटात ऊब राहते.

हो, एक राहिलं. लासोटा (मानमोडीची लस) दिल्याला चार-पाच दिवस झाले नसतील तर हलवू नका. पिल्लं दहाच्या आत असतील तर एकमेकांची ऊब पुरत नाही, आणखी दोन आठवडे घरात ठेवा. तोरणमाळच्या थंड डोंगराकडे असाल तरी तेच. आणि कोळशाची शेगडी आत नको. आमच्या काकांनी तीही सुचवली होती.