मोहरी आणि नाईनची वेस

प्रिय मुली,

सप्रेम जय भीम.

तुझ्या निबंधाचा खर्डा मी दोनदा वाचला. भाषा नेटकी आहे, पाली उतारे जवळजवळ निर्दोष आहेत, आणि तरीही शेवटच्या पानाशी येऊन मी पेन्सिल खाली ठेवली. मेलेल्या मुलासाठी बुद्धाकडे औषध मागणाऱ्या किसागोतमीच्या कथेत विवेक आहे, येशूने जिचा मेलेला मुलगा उठवला त्या नाईन गावच्या विधवेच्या बायबलातल्या कथेत चमत्कार आहे, म्हणून पहिली कथा दुसरीपेक्षा श्रेष्ठ ठरते, असे तू तिथे लिहिले आहेस. मी बौद्ध आहे आणि जन्मभर पालीच शिकवत आलो, तेव्हा हा निष्कर्ष मला सुखावेल असे तुला वाटले असावे. एकेकाळी तो मला सुखावतही असे.

साधारण पस्तीस वर्षांपूर्वी वर्गात हीच तुलना मी याच सुरात केली होती. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक ख्रिस्ती विद्यार्थी टेबलापाशी आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "सर, त्या बाईला तिचे मूल परत मिळाले नाही, याचा तुम्हाला एवढा आनंद का होतो?" मला उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे ती गोष्ट सांगताना तिच्यातल्या आईकडे मी कधी पाहिलेच नव्हते.

म्हणून आधी दोन्ही आयांकडे पाहू. किसागोतमी श्रावस्तीची, गरिबाघरची, अंगाने कृश म्हणून 'किसा'. अट्ठकथा, म्हणजे पाली ग्रंथांवरची जुनी टीका, सांगते की सासरी तिला दरिद्र्याची लेक म्हणून हिणवत असत आणि मुलगा झाल्यावरच तिला मान मिळू लागला. तो मुलगा खेळण्याबागडण्याच्या वयात गेला. नाईनची बाई विधवा आहे आणि गावच्या वेशीतून बाहेर नेत आहेत तो तिचा एकुलता एक मुलगा. ही कथा लिहिणारा शुभवर्तमानकार लूक एवढेच सांगून थांबतो, कारण नवरा नाही आणि आता मुलगाही नाही अशा बाईला त्या समाजात आधार कोणाचा, हे त्याच्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नव्हते. मुलाबरोबर दोघींची माणसांतली जागाही गेली आहे. तुझ्या निबंधात हे साम्य कुठेच नाही, आणि माझ्या मते तुलना सुरू व्हायला हवी ती इथून.

पुढे दोन्ही कथांच्या वाटा वेगळ्या होतात. मेलेल्या मुलाला कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या किसागोतमीला बुद्ध सांगतात की चिमूटभर मोहरी आण, पण ज्या घरात कधी कोणी मेलेले नाही अशा घरातली. अट्ठकथेत तिथे 'सिद्धत्थक' असा शब्द आहे. म्हणजे पांढरी मोहरी. आपल्या मिसळणाच्या डब्यात असते तितकीच साधी वस्तू. ती प्रत्येक घरात मिळते, देणारे हात पुढे होतात, आणि मग ती पुढचा प्रश्न विचारते तेव्हा ते हात थांबतात. मला या कथेत सर्वांत हलवून जाते ती दारोदारची ही पायपीट. बुद्ध तिला आधी प्रवचन देत नाहीत, तिला गावाशी बोलायला लावतात. ज्या गावाने तिला वेडी ठरवले होते, त्याच गावाचे दुःख तिला घरोघरी ऐकायला मिळते. मूल ती स्वतःच्या हाताने स्मशानात ठेवून येते. पुढे ती भिक्षुणी होते आणि जाडीभरडी चीवरे वापरणाऱ्या भिक्षुणींमध्ये अग्रस्थानी गणली जाते. धम्मपद या बुद्धवचनांच्या संग्रहातली 114वी गाथा परंपरेने तिच्याशी जोडलेली आहे, आणि त्या गाथेत 'अमतं पदं' म्हणजे मृत्यूपलीकडचे पद असा शब्द आला आहे, हे विसरू नकोस. 'बुद्धाने फक्त मरण अटळ आहे एवढेच शिकवले' हे तुझे वाक्य म्हणूनच अपुरे आहे.

नाईनच्या कथेला 'चमत्कार' हा शिक्का मारून तू मोकळी झालीस, पण लूकने (अध्याय 7) काय लिहिले आहे ते सावकाश वाच. तिथे कोणीही काही मागत नाही. येशू त्या बाईला पाहतो, त्याला कळवळा येतो, आणि तो तिला रडू नको म्हणतो. 'कळवळा' या ठिकाणचे मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवाचक शब्दापासून आलेले आहे. आपण आतडे तुटते म्हणतो, अगदी तेच. मग तो तिरडीला हात लावतो, मुलगा उठून बसतो, बोलू लागतो, आणि येशू त्याला 'त्याच्या आईच्या स्वाधीन' करतो. हे शेवटचे शब्द एलीया संदेष्ट्याने सारफथच्या विधवेचा मुलगा उठवल्याच्या जुन्या करारातील कथेतून आलेले आहेत, आणि लूकच्या पहिल्या वाचकांना ते ऐकताच ओळखू येत असणार. ही कथा विचारते की हा माणूस कोण, आणि देव आपल्या लोकांकडे फिरकला आहे का. मृत्यू अटळ आहे की नाही हा तिचा प्रश्नच नाही; तो मुलगा पुढे म्हातारा होऊन मेला असेल, हे कोणताही ख्रिस्ती वाचक मान्य करील. एका कथेच्या प्रश्नाला दुसऱ्या कथेचे उत्तर लावले की दुसरी कथा नापास होणारच. हा न्याय तू उलटा करून पाहा: 'किसागोतमीच्या कथेत करुणा कमी पडते' असे कोणी लिहिले तर तुला ते किती खुपेल.

पुराव्याच्या बाबतीतही दोन्हीकडे तराजू एकच असू दे. नाईनची घटना येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एकाच शुभवर्तमानात आहे, हे तू ठळकपणे नोंदवले आहेस. ते खरे आहे. पण मोहरीची कथाही थेरीगाथेतल्या, म्हणजे भिक्षुणींच्या गाथांच्या पाली संग्रहातल्या, किसागोतमीच्या गाथांत नाही. त्या गाथा कल्याणमित्राचे, म्हणजे सन्मार्गावर नेणाऱ्या मित्राचे, मोल आणि स्त्रीजन्माचे दुःख सांगतात. मोहरी येते ती नंतरच्या ग्रंथांत. एक नोंद करायची तर दुसरीही कर.

आता शब्दांविषयी, कारण मराठीत लिहिताना खरा घोटाळा इथेच होतो. मराठी बायबलातला 'पवित्र आत्मा' आणि बुद्धाने नाकारलेला 'अत्ता', म्हणजे कायम टिकणारा आत्मा, यांना तू एकाच ओळीत समोरासमोर उभे केले आहेस. बायबलातल्या त्या 'आत्मा' शब्दामागचा ग्रीक शब्द वारा आणि श्वास अशा अर्थांचाही आहे. अनत्ताच्या, म्हणजे असा आत्मा नाही या, सिद्धांतात जे नाकारले आहे ते निराळे. तसेच शत्रूंवर 'प्रीती' करा हे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातले वचन, आणि पालीतली 'पीति', जी बोध्यंगांपैकी, म्हणजे ज्ञानप्राप्तीच्या अंगांपैकी, एक असून ध्यानातला आनंद दर्शवते, हे शब्द मुळात एकच असले तरी त्यांचे अर्थ इथे वेगळे आहेत. त्या वचनाशेजारी ठेवायचेच असेल तर वैराने वैर शमत नाही हे सांगणारी धम्मपदाची 5वी गाथा ठेव. पंडिता रमाबाईंनी बायबल मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक अभ्यासल्या, धर्मानंद कोसंबी पालीसाठी गोवा सोडून पार सिंहलद्वीपापर्यंत, म्हणजे श्रीलंकेपर्यंत, गेले. आपण निदान कोश उघडायला आळस करू नये.

बाबासाहेबांनी केलेला मार्गदाता आणि मोक्षदाता हा भेद, म्हणजे बुद्ध मार्ग दाखवणारा आहे, मोक्ष देणारा नव्हे, हे तू वापरले आहेस. तो अवश्य ठेव. सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, असे म्हणून तो पुसून टाकू नकोस. तशा गोडव्याला मी आदर म्हणत नाही, तो मला टाळाटाळीचा प्रकार वाटतो. फक्त तो भेद बाबासाहेबांच्या नावानिशी मांड, आणि तारणारा या शब्दात ख्रिस्ती माणसाला दुबळेपणा का जाणवत नाही, कृतज्ञता का जाणवते, हे त्याच्याच तोंडून ऐकून मग लिही.

त्यासाठी तुला लांब जावे लागणार नाही. तुझ्या वडिलांच्या घरात 1956 नंतरचा धम्म आहे आणि आजोळी त्याच्याही आधीपासूनचा नगरकडचा ख्रिस्ती धर्म. दोन्ही घरे एकेकाळी एकाच गावकुसाबाहेर होती. सुट्टीत आजीकडे जाशील तेव्हा तिला नाईनची कथा मोठ्याने वाचून दाखवायला सांग आणि ती कुठे थांबते ते पाहा. त्यावर तिथे काही बोलू नकोस, परत आल्यावर लिही.

दुसरा खर्डा हाताने लिहिलेला असला तरी चालेल. समास मात्र मोठा सोड, आणि 'कृशा गौतमी' हे संस्कृत रूप काढून सगळीकडे किसागोतमी कर.

तुझे,
सर