दोन वाक्यांची भूमिका आणि सुट्टीतले घर

बालनाट्य शिबिरांविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रे मोठी असल्यामुळे त्यांतील प्रश्न तेवढा संक्षेपाने दिला आहे.

प्रश्न : आमच्या भागातील एका हौशी मंडळाचे बालनाट्य शिबिर एप्रिलच्या अखेरीपासून सुरू आहे आणि माझी दहा वर्षांची मुलगी त्यात आहे. आरंभी ती एकटीच जात असे. हळूहळू यजमान सुट्टीच्या दिवशी नेपथ्याचे पुठ्ठे कापू लागले, सासूबाई जुन्या नऊवारी साड्यांतून मुलांसाठी धोतरे आणि उपरणी शिवू लागल्या आणि खाऊची व्यवस्था माझ्याकडे आली. सारे आनंदात चालले होते. मग भूमिकांचे वाटप झाले आणि मुलीच्या वाट्याला दवंडीवालीची अवघी दोन वाक्ये आली. 'आपण घरचे तिघे राबतो आणि पोरीला दोन वाक्ये,' असे यजमान म्हणतात. त्यापेक्षा मुलीला सातारा जिल्ह्यात मामाकडे पाठवले असते तर बरे झाले असते, असे सासूबाईंचे मत आहे. मी दिग्दर्शकांशी बोलावे का?
एक आई, कोथरूड

उत्तर : भूमिकेविषयी आपण दिग्दर्शकांशी बोलू नये, असे मी आपल्याला स्पष्टपणे सुचवीन. बोलण्याने कदाचित दोनाची चार वाक्ये होतील, परंतु ती कशी झाली हे आपल्या मुलीला कळल्यावाचून राहणार नाही आणि तालमीतल्या इतर मुलांना तर ते तिच्याही आधी कळेल. आपले पत्र मी दोनदा वाचले. त्यात दुखावलेले वडील आहेत, हळहळणाऱ्या आजी आहेत, संकोचलेल्या आपण आहात. पण मुलगी स्वतः काय म्हणते, याचा एका ओळीनेही उल्लेख नाही. ती रोज सकाळी आपण होऊन उठून तालमीला जात असेल, तर तिची तक्रार नाही असेच धरून चालावे.

पुण्यात सुट्टीतली शिबिरे घेण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. त्यांपैकी एका शिबिरात नऊ वर्षांच्या एका मुलाला अशीच दवंडी देणाऱ्याची भूमिका मिळाली होती. पहिल्या तालमीत तो जीव तोडून ओरडला आणि 'ऐका हो ऐका' म्हणतानाच त्याचा आवाज फाटला. त्याच्या आजोबांनी मला एका शब्दाने काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ते नातवाला घेऊन महात्मा फुले मंडईत गेले आणि भाजीवाले कसे पुकारतात ते ऐकत दोघे अर्धा तास तिथे उभे राहिले. मुलगा तालमीला आला तो एक शोध घेऊनच. विक्रेते पहिल्या अक्षरावर जोर खर्च करत नाहीत, शेवटचा स्वर लांबवतात आणि दोन हाकांच्या मध्ये थोडे थांबतात, म्हणजे गिऱ्हाइकाला वळून पाहायला अवधी मिळतो, हे त्याने आम्हा सर्वांना समजावून सांगितले. मग त्याने तेलाचा रिकामा डबा गळ्यात अडकवला, काठीने तीन टोले दिले, थांबून डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि 'ऐका होऽऽ' अशी हाक दिली, तेव्हा बाहेर सायकली लावणारी माणसे खरोखरच थबकून आत पाहू लागली. त्याची वाक्ये दोनच राहिली होती. आजोबांनी त्याला कसे बोलायचे ते शिकवले नाही. जिथे ऐकून शिकता येईल अशा जागी नेऊन उभे केले. घराने करण्यासारखी मदत ती हीच, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

छोट्या भूमिकेचे काम प्रत्यक्षात कसे असते, हेही यजमानांना सांगावे. मोठी भूमिका करणारे मूल सतत प्रकाशात असते आणि त्याला प्रसंगच पुढे ढकलत नेतो. दवंडीवालीला मात्र विंगेत पंधरा-वीस मिनिटे शांत उभे राहावे लागते, दुसऱ्याचे संवाद मनातल्या मनात मोजत आपली एन्ट्री नेमक्या वाक्यावर पकडावी लागते, थंड पडलेल्या आवाजाने एकदम मोकळ्या जागेत शिरावे लागते आणि आपले काम झाल्यावर पुन्हा न बोलता बाजूला व्हावे लागते. दहा वर्षांच्या मुलीने हे चोख केले, तर दिग्दर्शकाच्या ते लगेच ध्यानात येते.

घरातील माणसांनी नाटकाच्या कामाला लागावे की नाही, असाही एक प्रश्न आपल्या पत्राच्या पोटात आहे. अवश्य लागावे. 1959 साली सुधा करमरकर यांनी मुंबईत लिटल थिएटर सुरू केले आणि त्याचे पहिले नाटक रत्नाकर मतकरी यांनी लिहिले. पुढे मतकरींनी 'बालनाट्य' ही स्वतःची संस्था काढली, तेव्हा त्यांच्या पत्नी प्रतिभा मतकरी तिच्या कामात बरोबरीने उभ्या होत्या. बालरंगभूमी आपल्याकडे पुष्कळशी घरांच्या बळावरच उभी राहिली आहे. फक्त अशा घरातल्या माणसांचे श्रम नाटकातल्या सगळ्या मुलांसाठी असतात. यजमान कापत असलेल्या पुठ्ठ्याच्या वाड्यापुढे शिबिरातली सगळी मुले उभी राहणार आहेत आणि सासूबाईंचे धोतर ज्या मुलाला नेसवले जाईल, त्याच्या घरी कदाचित शिवणारे कोणीच नसेल. या श्रमांचा मोबदला आपल्या मुलीच्या भूमिकेच्या रूपाने मिळावा, अशी अपेक्षा एकदा मनात आली की पुठ्ठा कापणारा हातही जड होतो. यासाठी मी माझ्या शिबिरात एक नियम पाळत आले: पालकांनी आपले मूल ज्या प्रवेशात आहे त्याखेरीज दुसऱ्या प्रवेशाचे काम घ्यावे. बापाने मुलीच्या प्रवेशाची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू, सांभाळू नये, आईने आपल्याच मुलाला प्रॉम्प्टिंग करू नये, म्हणजे विसरलेले वाक्य विंगेतून पुरवू नये. एवढ्याने निम्मी भांडणे मिटतात.

घरी पाठांतर घेताना मुलीचे वाक्य कोठे चुकले ते दाखवावे, परंतु हावभाव आणि चढउतार बसवून देऊ नयेत. घरी बसवलेला हातवारा तालमीत मोडताना दिग्दर्शकाचे तीन दिवस जातात आणि मुलाला दोन्हीकडून बोलणी बसतात.

मामाकडे जाण्याविषयी मात्र सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी त्यांच्या बाजूची आहे. नदीवर जाणे, पाडाच्या आंब्यांची राखण करणे, रात्री अंगणात मावस-मामे भावंडांत झोपणे, यांची भरपाई कोणतेही शिबिर करू शकत नाही. तालीम सुरू झाल्यावर मधेच उठून जाणे हे मात्र सोबतच्या मुलांवर अन्याय करणारे ठरेल. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. प्रयोग मे महिन्यात असेल तर त्यानंतरचे दहा-बारा दिवस मामासाठी राखून ठेवावेत आणि ते आजच मुलीला सांगून टाकावेत. पुढील वर्षी नाव नोंदवतानाच तालमीच्या व प्रयोगाच्या तारखा लिहून घ्याव्यात.

प्रश्न : धायरी येथील आमच्या सोसायटीत सुमारे साठ मुले आहेत. पुढील वर्षी आम्ही पालकांनीच मिळून नाटक बसवावे असे ठरते आहे. आम्हांपैकी कोणालाही अनुभव नाही. सुरुवात कोठून करावी?
एक वडील, धायरी

उत्तर : सुरुवात संहितेपासून करावी आणि ती जानेवारीतच करावी. छापील नाटक निवडले तर लेखकाची किंवा लेखकाच्या वारसांची लेखी परवानगी घ्यावी आणि मानधन द्यावे. प्रवेश विनामूल्य असला तरी परवानगी घ्यावीच. आपण पुढच्या पिढीला नाटक शिकवत आहोत, तेव्हा लेखकाचे देणे प्रथम द्यावे. नाट्यगृहात सार्वजनिक प्रयोग करायचा असेल, तर संहिता राज्य शासनाच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. मुलांबरोबर स्वतःच नाटक रचायचे ठरवल्यास प्रसंग मुलांना करून पाहू द्यावेत आणि त्यांच्या तोंडी जे शब्द सहज येतात तेच लिहून काढावेत. 'हे पिताजी, मला आज्ञा द्यावी' असे वाक्य धायरीतले कोणतेही मूल वडिलांशी बोलत नाही.

साठ मुलांचे एक नाटक बसवण्याचा मोह टाळावा. अनुभव नसताना वीस-बावीस मुले पुरेत. बाकीच्यांचे दुसरे छोटे नाटक किंवा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करता येईल. मे महिन्यात पुण्याचे तापमान अनेकदा 38 ते 40 अंशांपर्यंत जाते, त्यामुळे तालीम सकाळी साडेसात ते साडेनऊ अशी ठेवावी. दोन तासांहून अधिक वेळ मुलांचे चित्त टिकत नाही आणि त्या दोन तासांतलाही पहिला अर्धा तास खेळांना द्यावा. तालमीच्या जागी कोणत्याही वेळी किमान दोन मोठी माणसे हजर असावीत, मुलामुलींना कपडे बदलण्यासाठी स्वतंत्र आणि बंद खोल्या असाव्यात आणि ग्रीनरूममध्ये कोणीही मोबाइलवर चित्रण करू नये. या तीन गोष्टी नोंदणीच्या कागदावर लिहूनच पालकांची सही घ्यावी. पहिले दोन आठवडे वाचन आणि खेळ, मग उभी तालीम, आणि प्रयोगाआधी कपड्यांसह किमान दोन रंगीत तालमी, असा क्रम ठेवला म्हणजे धांदल होत नाही. पहिल्या वर्षी मोठे नाट्यगृह घेऊ नये. सोसायटीच्या सभागृहात, चार दिवे लावून, खाली सतरंजीवर बसलेल्या प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगात मुलांचा आवाज माइकवाचून पोहोचतो, आणि माइकवाचून बोलण्याची सवय पुढे फार उपयोगी पडते. अन्य ठिकाणी मुलांबरोबर कसे काम चालते ते पाहण्यासाठी सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनात आधीच एखादी फेरी मारावी. 1985 पासून तेथे मुलांच्या मोकळ्या खेळाचे आणि कलांचे काम चालू आहे.

एक विनंती मात्र मला अगदी मनापासून करायची आहे. आपल्या साठ मुलांच्या संख्येत सोसायटीच्या सुरक्षारक्षकांची, घरकाम करणाऱ्या ताईंची आणि इस्त्रीवाल्यांची मुले मोजलेली आहेत का? नसतील तर ती मोजावीत, आणि त्यांना प्रेक्षक म्हणून शेवटच्या रांगेत न बसवता नाटकात घ्यावे. वर्गणीचा विषय त्यांच्याशी काढूच नये. रत्नाकर मतकरी यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात ठाण्यातील वस्त्यांमधल्या मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला आणि तेथील मुलांनी आपल्या जगण्यातले विषय स्वतः मंचावर आणले. आपल्या जिन्यातून दररोज ये-जा करणारे मूल आपल्याच नाटकापासून दूर राहिले, तर ते मला फार लागते. माझ्या पहिल्या काही शिबिरांत ही चूक माझ्याही हातून झाली आहे.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा नातू तालमीत सगळ्यांचे संवाद पाठ म्हणून दाखवतो, परंतु रंगमंचावर उभे केले की रडू लागतो. प्रयोग दहा दिवसांवर आला आहे. त्याची भीड कशी मोडावी?
एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : आजोबा, ती दहा दिवसांत मोडू नये. सहाव्या वर्षी अंधारातल्या शंभर अनोळखी चेहऱ्यांकडे पाहून रडू येणे हे स्वाभाविक आहे आणि त्यासाठी त्याला 'भित्रा' म्हणणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला आपण वडीलकीच्या नात्याने थांबवावे. त्याला सगळ्यांचे संवाद पाठ आहेत, ही तर फार मोलाची गोष्ट आहे. दिग्दर्शकांना विचारून त्याला विंगेत प्रॉम्प्टरशेजारी बसवावे किंवा पडदा ओढणाऱ्या दादाबरोबर उभे करावे. तिसरी घंटा आतून ऐकली, मेकअप उतरवणारी मुले जवळून पाहिली, की रंगमंचाच्या त्या काळोखाची त्याला ओळख होईल.

याखेरीज त्याला प्रेक्षक म्हणून नाटके दाखवावीत. पुण्यात थिएटर ॲकॅडमीने 1986 मध्ये डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची नाटके मराठीत आणली. त्या पद्धतीत मोठी माणसेच मुलांच्या भूमिका करतात आणि राक्षस-परी यांच्याऐवजी शाळा, घर, मित्रांची भांडणे असे मुलांच्या रोजच्या जगण्यातले विषय घेतात. अशा धर्तीचा प्रयोग शहरात लागला तर त्याला आवर्जून न्यावे. आपल्यासारखेच घाबरणारे मूल एक मोठा माणूस रंगमंचावर करून दाखवतो आहे, हे पाहून लहान मुले आपल्या खुर्चीत पुढे सरकून बसतात, हे मी अनेकदा जवळून पाहिले आहे. तिकीट कडेच्या खुर्चीचे घ्यावे, म्हणजे त्याला नको झाले तर दोघांना उठून बाहेर येता येईल. घरी परतताना रिक्षात त्याला काही विचारू नये. त्याला बोलायचे असेल तर तो दोन दिवसांनी जेवताना आपण होऊन बोलेल. पुढच्या मे महिन्यात तो सात वर्षांचा होईल. रंगमंचावर जायचे की पडद्यापाशी उभे राहायचे, ते तेव्हा त्यालाच विचारावे.