जुनी १३५ घेण्याआधी

कॅननची १३५ एमएम एफ/२ लेन्स जुनी मिळत असेल तर जरूर बघ. आहे १९९६ची, पण पोर्ट्रेटला अजून झकास. फक्त तुझा कॅमेरा क्रॉप सेन्सरवाला (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा), म्हणजे ती २१६ एमएमसारखी वागणार, फ्रेममध्ये कमी मावणार. ठाण्यातल्या वन-बीएचकेच्या हॉलमध्ये पाठ भिंतीला टेकलीस तरी फ्रेममध्ये नुसतं डोकं! उपवनला तलावाकाठी मात्र मजा येईल.

मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागच्या काचेतून मार, पुढून तिरकं बघ. जाळ्यासारखे बारीक धागे दिसले की समज बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती धरतेच. धुळीचे चार कण चालतील, बुरशी फुकटातही नको.

व्हिडिओ करणार असशील तर मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घेच, हिच्यात स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरायची सोय नाही. आणि स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून, एफ/२ला (लेन्स पूर्ण उघडी ठेवून) पापण्यांवर फोकस बसतोय का ते झूम करून बघितल्याशिवाय जीपे करू नकोस.