ताईला विचारा: लीडरशिपचं ट्रेनिंग आणि त्याच्या पुढचं वर्ष

मागच्या अंकात अल्पसंख्यक समाजातल्या बायकांसाठी होणाऱ्या नेतृत्व प्रशिक्षणाबद्दल चार ओळी छापल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. बहुतेक पत्रं इंदूरचीच आहेत. नावं कुणाचीच देत नाहीये, काहींनी तसं सांगितलं होतं आणि काहींच्या बाबतीत मलाच ते बरं वाटलं.

प्रश्न: ताई, मी पाटनीपुऱ्याला राहते, आम्ही मराठी, बौद्ध. सासरे हुकुमचंद मिलमध्ये होते. वस्तीत एका संस्थेच्या मॅडम आल्या होत्या, सहा दिवसांचं लीडरशिप ट्रेनिंग आहे, नाव द्या म्हणाल्या. सासूबाई म्हणतात ते मुसलमान बायकांसाठी असतं, आणि आपल्याला काय पुढारी व्हायचंय का? शिवाय कुणीतरी सांगितलं की अल्पसंख्यक म्हणून नाव लिहिलं तर मुलाची जातीची स्कॉलरशिप जाते. काय करू?

जा गं, नक्की जा. आधी तुझी भीती काढते. केंद्र सरकारच्या यादीत सहा समाज अल्पसंख्यक आहेत, मुसलमान, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन, म्हणजे तू त्यात आहेसच. आणि बौद्ध झालं म्हणून अनुसूचित जातीचा दाखला जात नाही, १९९० साली कायद्यात तशी दुरुस्ती झाली आहे, तेव्हा मुलाची स्कॉलरशिप आपल्या जागी आणि तुझं ट्रेनिंग आपल्या जागी.

आता हे ट्रेनिंग काय ते सांगते. केंद्राच्या अल्पसंख्यक मंत्रालयाची 'नई रोशनी' नावाची योजना २०१२-१३ पासून चालायची, ती संस्थांमार्फत राबवली जायची, पंचवीस बायकांची एक बॅच, वय १८ ते ६५, सहा दिवस वस्तीतच, आणि काहींसाठी पाच दिवसांचं निवासी. विषय म्हणजे बायकांचे कायदेशीर हक्क, बँकेचे व्यवहार, आरोग्य, स्वच्छता, मोबाईल-इंटरनेट वापरणं, सरकारी ऑफिसात आपलं म्हणणं मांडणं. नंतर ही योजना आणखी चार योजनांबरोबर 'पीएम विकास'मध्ये मिसळली गेली. तुमच्याकडे आलेल्या मॅडम कुठल्या योजनेखाली घेतायत ते त्यांनाच विचार, कागद दाखवा म्हण, त्यात लाजायचं काही नाही. आणि हेही विचार की सहा दिवस झाल्यावर तुम्ही परत येणार का, किती वेळा येणार, कुणाचा फोन नंबर आमच्याकडे राहणार. नई रोशनीत तर ट्रेनिंगनंतर संस्थेच्या लोकांनी वस्तीत येत राहायचं, बायकांना धरून पुढे न्यायचं हे योजनेतच लिहिलेलं होतं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच आहे. सहा दिवसात बाई बोलायला लागते हे खरं, पण पहिला अर्ज घेऊन ती महापालिकेच्या झोन ऑफिसच्या काउंटरवर उभी राहते आणि बाबू मान वर न करता "कल आना" म्हणतो ना, तेव्हा बाजूला कुणी नसलं तर ती परत जात नाही. म्हणून जी संस्था सर्टिफिकेट वाटून फोटो काढून गायब होणार असेल तिच्याकडे नाव देण्याआधी चार प्रश्न जास्त विचार.

राहिल्या सासूबाई. त्यांना एवढंच विचार की मिल १९९१ ला बंद पडली आणि मजुरांचे पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, मधली बत्तीस वर्षं ते प्रकरण जिवंत कुणी ठेवलं? मजुरांनीच ना, एकत्र राहून, कोर्टात जाऊन, दरवेळी कागद सांभाळून. त्यांच्या घरातच हे घडलंय, त्यांना पुढारी कशाला म्हणतात ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांनाही घेऊन जा, वयाची अट काय ते मॅडमना विचार, त्यात असतील तर त्याही बसतील.

प्रश्न: आम्ही जैन आहोत, घरी दुकान आहे. आम्हाला चालतं का?

जैन समाज २७ जानेवारी २०१४ पासून यादीत आहे. पण नई रोशनीत उत्पन्नाची सक्त अट नसली तरी वर्षाला अडीच लाखांच्या आत कमाई असलेल्या बायकांना आधी घ्यायचे. दुकान चांगलं चालत असेल तर कृपा करून ती जागा एखाद्या गरजू बाईला राहू द्या. तुम्हाला यात मनापासून काही करायचं असेल तर शिकवायला जा, बँकेचे व्यवहार समजावून सांगणारी माणसं या वर्गांना नेहमी हवी असतात.

प्रश्न: मी चंदन नगरजवळ राहते, मराठी ब्राह्मण. आमचा बचत गट आहे. मागच्या गल्लीतल्या मुस्लिम बायका घरी रेडीमेडची काज-बटणं करतात, नगावर पैसे मिळतात, फारच कमी. त्यांना गटात आणायचं आहे आणि ट्रेनिंगलाही न्यायचं आहे. पण मला त्यात बसता येईल का, आणि त्यांच्या घरचे पुरुष सोडतील का? हे त्यांना पटेल असं कसं बोलू?

वहिनी, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. बसता यावं, तरी संस्थेला विचारून घ्या. नई रोशनीच्या नियमात इतर समाजाच्या बायकाही, जास्तीत जास्त चौथ्या हिश्श्यापर्यंत, घेता येतील असं होतं, मुद्दामच, शेजारणींनी एकत्र शिकावं म्हणून.

पण एक स्पष्ट सांगते, 'त्यांना आणायचं' असं मनात धरून जाऊ नका. तुम्ही त्यांच्या गल्लीत जा. आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये या म्हटलं की निम्म्या जणी तिथेच गळतात, लांब पडतं, दुपारी मुलं शाळेतून येतात, ठेकेदार माल घ्यायला केव्हाही येतो. त्यांच्याच कुणाच्या तरी घरात, दुपारी जेवणानंतर बसा, आणि जुम्मा सोडून बसा. संस्थेला लहान मुलं सांभाळायची सोय आहे का हे पहिल्याच दिवशी विचारा, दुधपित्या बाळाची आई त्याशिवाय सहा दिवस येऊच शकत नाही. दिवसाची मजुरी बुडते त्याचं काय देणार तेही विचारा. पुरुष सोडत नाहीत असं आपण पटकन म्हणतो, पण पुष्कळ घरांत खरी अडचण मजुरी आणि मुलं हीच असते, ती सुटली की नवरे फारसं काही म्हणत नाहीत. जिथे म्हणतात तिथे घरातल्या मोठ्या बाईशी आधी बोला, सासूशी, खालाशी, तिनं हो म्हटलं की पुढचं सोपं.

गटाचं म्हणाल तर व्याजाचा प्रश्न काही घरांत निघतो, त्यावर वाद घालत बसू नका, गटाचे नियम गटच ठरवतो, तेव्हा ज्यांना हवं त्यांच्यासाठी नुसती बचत आणि बिनव्याजी उचल असा वेगळा हिशोब वहीत ठेवता येतो. आणि गटात आल्या की पहिला विषय नगाच्या रेटचा घ्या. एकटी बाई रेट वाढवा म्हणाली तर ठेकेदार माल दुसऱ्या घरी टाकतो, पंधरा घरं एकदम म्हणाली तर त्याला ऐकावं लागतं. अहमदाबादला 'सेवा' संघटनेनं हेच केलं, इला भट्ट यांनी १९७२ साली सुरू केलेली ही संघटना, आणि दरियापूर भागात गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या ज्या बायका तिच्यात आल्या त्या बहुतेक मुस्लिमच होत्या, त्यांचीही मागणी नगाच्या रेटाचीच होती.

शेवटचं, गटाची अध्यक्ष तुम्ही होऊ नका. वही तुम्ही लिहिली तर चालेल, पण बँकेत सहीला त्यांच्यातल्या दोघी जाऊ देत. पहिल्यांदा वेळ लागेल, सही चुकेल, बँकवाला कुरकुर करेल, तरी तुम्ही मागच्या खुर्चीवर बसून राहा.

प्रश्न: ताई, मी २३ वर्षांची, खजराना. आमच्या ट्रेनिंगमध्ये मॅडमनी शाह बानोचं सांगितलं, त्या आपल्या इंदूरच्याच होत्या हे मला माहीत नव्हतं. पण घरी मामू म्हणतात ते सगळं १९८६ मध्ये रद्द झालं, आता तलाक झालेल्या मुस्लिम बाईला पोटगी मागता येत नाही. खरं काय आहे? माझ्या मोठ्या बहिणीचा प्रश्न आहे.

बेटा, मामूंची माहिती अर्धी आहे, आणि बहिणीचा प्रश्न आहे म्हणून नीट सांगते. शाह बानोंनी १९७८ मध्ये इथे इंदूरच्या कोर्टात पोटगीसाठी अर्ज केला, बासष्ट वर्षांच्या होत्या, पाच मुलांची आई. मॅजिस्ट्रेटनं महिना २५ रुपये दिले, हायकोर्टानं १७९ रुपये २० पैसे केले, नवरा स्वतः वकील, तो सुप्रीम कोर्टात गेला आणि २३ एप्रिल १९८५ ला तिथेही शाह बानोच जिंकल्या. त्यानंतर देशभर गदारोळ झाला आणि पोटगी इद्दतपुरती, म्हणजे तलाकनंतरच्या साधारण तीन महिन्यांपुरती, ठेवणारा १९८६ चा कायदा आला, मामू म्हणतात तो हाच. पण २००१ मध्ये डॅनियल लतीफी केसमध्ये सुप्रीम कोर्टानं त्या कायद्याचा अर्थ असा लावला की नवऱ्यानं इद्दतच्या मुदतीतच बायकोच्या पुढच्या आयुष्याची वाजवी सोय करायची. आणि १० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं स्वच्छ सांगितलं की तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही इतर बायकांसारखी साध्या कायद्याखाली पोटगी मागता येते. पूर्वीचं कलम १२५ ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय. अर्ज बहीण राहते तिथल्याच फॅमिली कोर्टात करता येतो, आणि वकिलाची फी परवडत नाही म्हणून अडू नका, १९८७ च्या कायद्यानं कुठल्याही बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा कोर्टात विधिक सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, फोन १५१००.

एक गोष्ट मात्र मला या केसमध्ये कायम सलते. सुप्रीम कोर्टात जिंकलेल्या त्या म्हाताऱ्या बाईंनी काही महिन्यांतच तो निकाल मला नको असं जाहीर पत्र दिलं, एवढा दबाव होता. त्यांच्या दारात रोज चार बायका येऊन बसल्या असत्या तर? म्हणून बहिणीला कोर्टाच्या तारखेला एकटी पाठवू नकोस. तुझ्या बॅचमध्ये पंचवीस जणी होत्या ना, प्रत्येक तारखेला दोघी दोघी वाटून घ्या. कोर्टाच्या बाकावर बाजूला बसायला कायदा यावा लागत नाही.

प्रश्न: आझाद नगर. ट्रेनिंग होऊन सहा महिने झाले. खूप उत्साहात मी ड्रेनेजची तक्रार सीएम हेल्पलाइनवर, १८१ ला, केली, काम न होताच बंद केली. पार्षद (नगरसेविका) मॅडमकडे गेले तर त्यांचे मिस्टरच बोलतात, मॅडम आत असतात. मैत्रिणी म्हणतात, काय मिळालं तुझ्या ट्रेनिंगचं? मला रडू येतं ताई.

रडू येणारच गं, पण तू कुठेच चुकलेली नाहीयेस. ट्रेनिंगचा खरा धडा आता चालू झालाय.

सीएम हेल्पलाइनची तक्रार खालच्या ऑफिसरकडून चार पातळ्यांपर्यंत वर जाते, एल-वन ते एल-फोर. खालच्या पातळीवर फोन येतो, "मॅडम काम हो गया, बंद कर दें?" आणि दारात माणूस उभा, घरात पाहुणे, आपण हो म्हणून टाकतो. हो म्हणायचं नाही. काम प्रत्यक्ष होईपर्यंत "मी संतुष्ट नाही" एवढंच म्हणायचं. तुला न विचारता बंद केली असेल तर पुन्हा नोंदव आणि जुना नंबर त्यात लिही.

तक्रारीचा कागद तू मला पाठवलास तो वाचला. त्यात ड्रेनेज आहे, नर्मदेचं पाणी कमी दाबानं येतं ते आहे, सरकारच्या लाडली बहना योजनेचे पैसे अडकलेत ते आहे, लाइट आहे. सगळं खरं आहे, पण चार खात्यांचं एका कागदावर आलं की तो कागद कुणाचाच होत नाही. एका ट्रेनिंगमध्ये मी बघितलं होतं, मॅडमनी प्रत्येकीला फक्त एक त्रास लिहायला लावला आणि मग विचारलं, लाइट नाही, पण कुठल्या खांबावर? कुणालाच सांगता येईना. दुसऱ्या दिवशी एक बाई, वय पन्नाशीचं, वहीच्या पानावर खांबाचा नंबर लिहून घेऊन आली, रात्री मुलाच्या मोबाईलच्या टॉर्चनं, ओट्यावर चढून वाचला होता. तिचा अर्ज तीन ओळींचा झाला, नंबर, गल्ली, किती दिवसांपासून बंद. लाइट लागली.

तूही तसंच कर, चार अर्ज, चार कागद. ड्रेनेजचा झोन ऑफिसला दे, दोन प्रती ने, एकीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही. लाडली बहनाचं आधी समग्र आयडीची (आपल्या राज्याचा कुटुंबाचा नोंदणी नंबर) ई-केवायसी आणि बँक खात्याला आधार जोडलंय का ते तपास, पुष्कळदा घोळ तिथेच असतो. झोनवर पंधरा दिवसांत काही हललं नाही तर मंगळवारी कलेक्टर ऑफिसला जनसुनवाई असते, शिक्क्याची प्रत घेऊन तिथे जा, एकटी नको, तिघी-चौघी जा, बोलायचं मात्र एकीनंच. तरीही नाही झालं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाक, माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली म्हणून, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पार्षद मॅडमचं. आपल्या मध्य प्रदेशात नगरपालिका-महापालिकांत निम्म्या जागा बायकांना आहेत, इंदूरच्या ८५ वॉर्डांत इतक्या बायका निवडून येतात, आणि दारात मिस्टर उभे. मला याचा खूप राग येतो. पण त्या आत बसलेल्या बाईंवर राग धरू नकोस, त्यांना कदाचित तुझ्यासारखे सहा दिवसही कुणी दिले नसतील. सुमित्राताई महाजनांची सुरुवातही आपल्या महापालिकेतूनच झाली, मग १९८९ पासून आठ वेळा खासदार आणि पुढे लोकसभेच्या अध्यक्ष, तेव्हा महापालिकेतली बाई बोलू शकत नाही असं काही नसतं. तुम्ही दहा जणी जा आणि मिस्टरांना नीट, आवाज न चढवता सांगा, भाईसाहब, बायकांचं काम आहे, मॅडमशीच बोलू, आम्ही बसतो. आणि बसा. अर्जावर त्यांच्या हातानं सही घ्या, सही त्यांचीच चालते. गल्लीत येऊन ड्रेनेज बघा म्हणून त्यांना बोलवा, वेळ त्यांची, चहा तुमचा.

मैत्रिणी विचारतात ना काय मिळालं, त्यांच्यापैकी ज्यांचं रेशन किंवा पेन्शन अडलंय अशा दोघींचे अर्ज या आठवड्यात लिहून दे. झोनवरून शिक्का मिळाला की मला फोटो पाठव, आणि पंधरा दिवसांत काम हललं नाही तरी कळव, पुढचा अर्ज आपण मिळून लिहू.