लोणी येत नाही, कढी फुटते

प्रश्न : साईचं दही मिक्सरमध्ये फिरवते, पण उन्हाळ्यात लोण्याचा गोळाच होत नाही. आणि ताकाची कढी हमखास फुटते. काय करू?
– एक वाचक, अलकापुरी, वडोदरा

उत्तर : दोष तुमच्या हाताचा नाही, उन्हाळ्याचा आहे. वैशाखात बडोद्याचा पारा 40 च्या वर जातो. त्या उष्म्यात लोणी मऊ पडतं, गोळा धरत नाही. दही आधी फ्रिजमध्ये गार करा, घुसळताना बर्फाचं पाणी घाला. थंडीत मात्र कोमट पाणी लागतं. मिक्सर तापतो, म्हणून थांबत थांबत फिरवा. मी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी अजून रवीच वापरते. आधी नुसता फेस येतो, मग रवीचा आवाज जड होतो, तिला पिवळसर रवाळ कण चिकटतात. तिथेच थांबायचं. लोणी काढून उरतं ते खरं ताक. दह्यात पाणी घालून घुसळलेलं मला तरी जेवणावर जड वाटतं, कारण त्यातली साय त्यातच राहते.

कढीसाठी लिटरभर ताकाला दोन मोठे चमचे बेसन, तेही गार ताकातच कालवायचं. बेसनामुळे ताकाच्या गुठळ्या होत नाहीत. आच मंद ठेवा, पहिली उकळी येईपर्यंत ढवळणं सोडू नका, मीठ शेवटी. गुळाचा खडा घालाच, बडोद्यात राहून तेवढं गुजराती वळण हवंच! आणि कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवू नका, कळकतं.