रोजच्या स्पोर्ट्स कारला रेसिंगचे ब्रेक पॅड टाकू का?

नको. पोर्शे केमन रोज हिंजवडीला नेता आणि कधीमधी ताम्हिणी घाट, एवढंच असेल तर रेसिंग पॅड म्हणजे पैसे देऊन डोकेदुखी. ते तापल्यावरच नीट पकडतात. सकाळी सोसायटीच्या गेटवर, थंड असताना, पेडल दाबलं तरी गाडी हवी तशी थांबत नाही. वर प्रत्येक सिग्नलला किंचाळणार आणि डिस्क लवकर खाणार.

ओरिजिनल किंवा त्याच दर्जाचे पॅड घ्या. चाकांवर काळी धूळ नको असेल तर सिरॅमिक. घाटात जोरात चालवणार असाल तर रस्त्यासाठीच बनवलेले सेमी-मेटॅलिक (धातू मिसळलेले) पॅड. बऱ्याच पॅडच्या कडेवर 'एफएफ', 'जीजी' अशी अक्षरं छापलेली असतात: पहिलं साधारण तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरच्या घर्षणाचं. 'जी'ची पकड 'एफ'पेक्षा जास्त. दुसरं अक्षर खालचं, म्हणजे 'जीएफ' वगैरे असेल, तर त्या पॅडची पकड तापल्यावर ढिली पडते. पण याला गुणवत्तेचं प्रमाणपत्र समजू नका, झिजेबद्दल त्यात काहीच कळत नाही.

तुमच्या डिस्क कार्बन-सिरॅमिक असतील (कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा भाग, बहुधा पिवळा दिसेल) तर त्यांचेच खास पॅड लागतात, तिथे प्रयोग नको.

डिस्कची जाडी मोजायला सांगा. किमान मर्यादा बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. पॅडची झीज सांगणारा सेन्सर झिजला असेल तर तोही बदला. नवे पॅड बसल्यावर मोकळ्या रस्त्यावर ८०वरून २०पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग उतरवा आणि मग ब्रेक न दाबता थोडं फिरवून गार होऊ द्या.