उत्तर माहीत असलेला बग

तुझं पत्र पोचलं. जीडीबी या डीबगरची, म्हणजे प्रोग्राम थांबवून आतला बग शोधण्याच्या हत्याराची, नवी आवृत्ती बसवलीस, सोबतच्या 'न्यूज' या बदलांच्या यादीच्या फाइलमधून तीस-चाळीस कमांड वहीत उतरवल्यास, आणि आता विचारतेस की यातल्या कोणत्या पाठ करू. एकही नको. त्यासाठी जीडीबीतच 'अप्रोपॉस' ही कमांड शोधणारी कमांड आहे. त्याच्यापुढे 'वॉच' लिही, त्या शब्दाशी नातं सांगणाऱ्या सगळ्या कमांड समोर येऊन उभ्या राहतील.

त्यापेक्षा एक कर. गेल्या काही महिन्यांत तुला चांगलंच छळलेला आणि अखेर सुटलेला एक बग निवड. दुरुस्तीच्या आधीचा कोड परत काढ, आणि तोच बग नव्या कमांडने पुन्हा पकड. उत्तर माहीत असलं की डोळा हत्याराकडे राहतो. चालू बगवर नवी कमांड वापरायला गेलं की प्रोग्राम चुकतोय की आपण कमांड चुकीची दिली, तेच कळत नाही.

हे मी ठेच लागून शिकलो. 2009 च्या ऑक्टोबरात जीडीबी 7.0 आली. पायथनमधून स्क्रिप्ट लिहिण्याची सोय आणि प्रोग्राम उलटा चालवण्याची सोय, दोन्ही त्याच आवृत्तीतल्या. मी मोठ्या उत्साहाने एका चालू क्रॅशवर 'रिव्हर्स-कंटिन्यू' दिलं. उत्तर आलं की हे टार्गेट ही कमांड चालवू शकत नाही. सोय अर्धवटच दिलीय असं ठरवून मी मोकळा झालो आणि पुढे कित्येक महिने तिकडे फिरकलो नाही. खरी गोष्ट एवढीच होती की आधी 'रेकॉर्ड', म्हणजे प्रोग्रामची पावलं टिपून ठेवणारी कमांड, द्यायचं राहिलं होतं. नोंदच नाही, तर मागे जाणार कुठे?

नंतर एका जुन्या बगवर पुन्हा करून पाहिलं. एका स्ट्रक्चरमधला मोजणीचा आकडा मध्येच ऋण व्हायचा आणि क्रॅश मात्र भलत्याच फंक्शनमध्ये व्हायचा. पहिल्या वेळी कोडमध्ये जागोजागी किमती छापणारे प्रिंटएफ पेरत पेरत तीन दिवस गेले होते. या वेळी रेकॉर्ड सुरू केलं, क्रॅश होऊ दिला, त्या आकड्यावर 'वॉच -एल' लावलं, म्हणजे तो बदलला की थांब असं सांगितलं, आणि 'रिव्हर्स-कंटिन्यू' दिलं. प्रोग्राम मागे मागे सरकत थेट तो आकडा बिघडवणाऱ्या ओळीवर येऊन थांबला. एक गंमत लक्षात ठेव: उलट जाताना 'जुनी किंमत' म्हणून जी दिसते ती बिघडलेली असते आणि 'नवी किंमत' म्हणजे बिघडण्याआधीची. पहिल्यांदा मी पाच मिनिटं त्याकडे नुसता बघत बसलो होतो.

त्याच प्रयोगात या सोयीच्या मर्यादाही कळल्या. नोंदीत मुळात प्रोसेसरच्या 2,00,000 इन्स्ट्रक्शनच मावतात. आकडा मोठा वाटतो, पण एखादं बऱ्यापैकी लूप तो चुटकीसरशी संपवतं. मर्यादा वाढवता येते, पण रेकॉर्डिंग फार संथ चालतं, म्हणून सुरुवातीपासून नोंद करूच नये. क्रॅशच्या शक्य तितकं जवळ ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम थांबण्याची खूण, लावून तिथून पुढे रेकॉर्ड करायचं. आणि प्रोसेसरच्या काही व्हेक्टर (एका दमात अनेक आकडे हाताळणाऱ्या) इन्स्ट्रक्शन आल्या की रेकॉर्डिंग सरळ हात वर करतं. मेमरीची नक्कल करणारं साधं मेमसीपीवायसुद्धा आतून त्या वापरत असतं, त्यामुळे हा प्रसंग तुझ्यावर येणारच. तेव्हा मोझिलात जन्मलेलं आरआर हे हत्यार वापर. ते आधी सगळी रन टिपून घेतं आणि मग तीच रन हवी तितक्या वेळा जीडीबीत दाखवतं. उलट जाण्याच्या कमांड तिथेही याच.

आता 'जवळ ब्रेकपॉइंट' म्हणजे नेमका कुठे? ज्या फंक्शनमध्ये मरण येतं ते आधी शेकडो वेळा सुखरूप चाललेलं असतं. इथे एक जुनी युक्ती कामी येते. ती तुझ्या वहीत नसणार, कारण तिच्यात नवं काही नाही. फंक्शनवर ब्रेकपॉइंट लाव, 'इग्नोर 1 1000000' दे (1 क्रमांकाचा ब्रेकपॉइंट दहा लाख वेळा सोडून दे) आणि रन कर. तो न थांबता क्रॅशपर्यंत जाईल. मग 'इन्फो ब्रेकपॉइंट्स' विचार. समज तिथे दिसलं की हा ब्रेकपॉइंट 347 वेळा लागला. आता 'इग्नोर 1 346' देऊन पुन्हा रन कर. बरोबर शेवटच्या, घातक वेळेला थांबशील. रेकॉर्ड तिथून सुरू कर.

लिनक्सवर जीडीबी मेमरीतल्या पत्त्यांची सरमिसळ आपणहून बंद ठेवतो. म्हणून तोच इनपुट दिला तर पत्तेही बहुधा तेच येतात आणि मागच्या रनमधला पत्ता पुढच्या रनमध्ये वॉच करता येतो. रेकॉर्ड अडलं तर ही वाट आहे.

वॉचबद्दल तू लिहिलंयस की प्रोग्राम गोठल्यासारखा झाला. वॉच लावल्यावर आलेली ओळ वाचलीस का? 'हार्डवेअर वॉचपॉइंट' असं आलं तर काम प्रोसेसर करतो, वेग जवळजवळ तोच राहतो. नुसतं 'वॉचपॉइंट' आलं तर जीडीबी एकेक इन्स्ट्रक्शन चालवून किंमत तपासत बसतो, आणि प्रोग्राम शेकडो पटींनी मंदावतो. एक्स86 वर असे हार्डवेअरचे रजिस्टर फक्त चार, प्रत्येकात फार तर आठ बाइट. तू अख्ख्या ॲरेवर वॉच लावलं असणार. आणि साधं 'वॉच' लोकल नावावर लावलं तर फंक्शन संपताच ते पुसलं जातं. 'वॉच -एल' पत्ता धरून ठेवतं.

वहीतल्या बाकीच्यांपैकी तीन माझ्या रोजच्या वापरात आहेत. 'पीटाइप /ओ' 8.1 पासूनचं. स्ट्रक्चरमध्ये कोणता सदस्य कितव्या बाइटवर आणि रिकाम्या फटी कुठे, ते दाखवतं. 'पाइप' आणि 'विथ' 9 मध्ये आले. पहिल्याने कमांडचा लांबलचक निकाल थेट ग्रेप या मजकूर गाळणाऱ्या प्रोग्रामला देता येतो, दुसऱ्याने एका कमांडपुरती सेटिंग बदलता येते. 10 पासून डीबगइन्फोडी या सर्व्हरमुळे लायब्ररींची डीबग माहिती हवी तेव्हा उतरवून घेता येते. सिस्टिम लायब्ररीत क्रॅश झाला की ते फार सुखाचं. 14 मधला डीएपी, म्हणजे एडिटर आणि डीबगर यांच्यातल्या बोलण्याची ठरलेली पद्धत, एडिटरवाल्यांसाठी. मी अजून काळ्या पडद्यावरच रमतो, त्यामुळे त्याबद्दल माझं मत धरू नकोस.

जुना बग निवडलास की कोड कंपाइलरला मायनस जी (डीबग माहिती ठेव) आणि मायनस ओजी (डीबगिंगला सोयीचं तेवढंच ऑप्टिमाइझ कर) देऊन बांध. नाहीतर अर्धे व्हेरिएबल 'ऑप्टिमाइझ्ड आउट' दिसतील आणि त्याचा दोष तू नव्या आवृत्तीला देशील. आणि तुझा सध्याचा जो प्रोग्राम मध्येच अडकून पडतो, त्याला हात लावण्याआधी, तो अडकलेला असतानाच जीडीबी त्याला जोडून घे, 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' (प्रत्येक थ्रेड कोणत्या फंक्शनमध्ये आहे ते दाखव) चालव आणि जे येईल ते न छाटता मला पाठव. दोन थ्रेड एकाच लॉकसाठी खोळंबलेत असा मला संशय आहे.